गोंदणाचे मोल

माझ्या आजीच्या उजव्या मनगटावर तुळशीवृंदावन होते, हनुवटीवर एक ठिपका होता आणि दोन भुवयांच्या मध्ये एक बारीक आडवी रेघ होती. मुळात काळा असलेला तो रंग कातडीखाली मुरून हिरवट झाला होता. लहानपणी एकदा मी तिला विचारले, "आजी, याला पैसे किती पडले?" ती म्हणाली, "पैसे कशाचे? वृंदावनाला पायलीभर जोंधळे दिले माझ्या आईने, अन् एक जुनं लुगडं. रेघेला चिमूटभर मीठ. ठिपका तिने वरकड म्हणून दिला." दारी आलेल्या गोंदणारणीशी साठसत्तर वर्षांपूर्वी झालेला तो सौदा आजीला दाण्यादाण्यासकट आठवत होता. पुढे सरकारी नोकरीत दरपत्रके तपासण्याचे काम नशिबी आले, तेव्हा हा हिशेब मला वारंवार आठवला. कातडीवर काढलेल्या चित्राची किंमत ठरते तरी कशावरून?

साहित्यावरून ती ठरत नाही, हे प्रथमच सांगून टाकलेले बरे. या कलेचा मुख्य पदार्थ म्हणजे काजळी, आणि काजळीला कोणत्याच काळी मोल नव्हते. १९९१ साली आल्प्स पर्वतात ऑस्ट्रिया व इटली यांच्या सीमेवर, बर्फात गोठलेला एका पुरुषाचा देह सापडला. सुमारे सव्वापाच हजार वर्षांपूर्वीच्या या देहावर गोंदणाच्या एकसष्ट खुणा मोजल्या गेल्या आहेत, आणि त्याही काजळीच्याच. आपल्याकडील गोंदणारीणही दिव्याची काजळी धरी, ती आईच्या दुधात किंवा पाल्याच्या रसात खली आणि काम झाल्यावर वर हळद लावी. म्हणजे पैसे पडत ते हाताचे, वेळेचे आणि विश्वासाचे.

मंडला व दिंडोरी या भागांतील बैगा स्त्रियांचे उदाहरण येथे घेण्यासारखे आहे. व्हेरियर एल्विन यांनी १९३९ साली बैगांवर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात त्यांच्या गोंदणाची सविस्तर नोंद आहे. मुलगी लहान असताना कपाळ गोंदावयाचे, मग वय वाढेल तसतसे पाठ, हातपाय आणि शेवटी छाती. हे काम बैगा स्वतः करीत नाहीत. बादी जमातीच्या स्त्रिया त्यासाठी गावोगाव फिरत येतात. पावसाळ्यात जखम चिघळते म्हणून हंगाम थंडीचा. हाती नवे धान्य असते तेही याच सुमारास, हा योगायोग समजू नये. मोबदला धान्यात, तेला-मिठात आणि थोडाफार रोख. एकाच देहाची किंमत अशी वर्षानुवर्षे हप्त्याहप्त्याने फेडली जाते, आणि ज्या घराची ऐपत कमी त्या घरची मुलगी पुढचा हप्ता उशिरा गोंदवून घेते.

पॅसिफिक महासागरातील सामोआ बेटांवर हाच व्यवहार अधिक भव्य रूपात दिसतो. इंग्रजीतला 'टॅटू' हा शब्दच मुळी या बाजूचा. ताहितीतल्या 'तताऊ' या शब्दावरून, कॅप्टन कुकच्या १७६९ च्या सफरीनंतर तो युरोपात रूढ झाला. सामोआतील पुरुषाचे गोंदण कमरेपासून गुडघ्यापर्यंत अंग झाकून टाकते. त्याला 'पेआ' म्हणतात. रानडुकराच्या सुळ्याच्या दातेरी फणीवर लाकडी दांड्याने ठोके देत ते काम अनेक बैठकांत पुरे होते. गोंदणाऱ्याचा व्यवसाय ठराविक घराण्यांत चालत आला आहे. त्याचे मानधन परंपरेने बारीक विणीच्या चटयांच्या रूपाने देत. ही चटई म्हणजे आपल्याकडच्या पैठणीसारखी दौलत. ती विणावयास महिनेच्या महिने लागतात आणि विणणाऱ्या असतात स्त्रिया. म्हणजे अंग पुरुषाचे, प्रतिष्ठा पुरुषाची, आणि देणे मात्र घरातील बायाबापड्यांच्या बोटांनी फेडावयाचे! अर्धवट सोडलेले पेआ ही तेथे जन्माची नामुष्की गणली जाते. वेदना सोसवत नाहीत म्हणून उठावे तर लाज, आणि पुढच्या बैठकीला चटया पुरल्या नाहीत तर तीही लाजच.

जपानात किमतीला निराळे वळण लागले. तेथे १७२० पासून गुन्हेगारांना दंड म्हणून गोंदण्याची पद्धत होती. तथापि उतावगावा कुनियोशी या चित्रकाराने १८२७ च्या सुमारास जुन्या चिनी कथेतील बंडखोर वीरांची चित्रमाला काढली आणि त्या वीरांच्या अंगाखांद्यांवर विलक्षण गोंदणे रंगविली. एदो शहरातले आगीचे बंब हाकणारे आणि मजूर त्या चित्रांवर लुब्ध झाले. पाठभर नक्षी काढून घ्यावयास वर्षे लागत, आणि दर बैठकीचे पैसे वेगळे. १८७२ साली नव्या सरकारने, परदेशी पाहुण्यांपुढे आपण रानटी दिसू या धास्तीने, गोंदण्यावर बंदी घातली. ती १९४८ पर्यंत टिकली. गंमत अशी, की ज्या पाहुण्यांची धास्ती, तेच गिऱ्हाईक होऊन येऊ लागले! १८८१ साली इंग्लंडचा एक तरुण राजपुत्र आरमारी जहाजावरून जपानला गेला आणि दंडावर ड्रॅगन काढून घेऊन परतला. हाच पुढे पंचम जॉर्ज. डिसेंबर १९११ मध्ये मुंबईच्या अपोलो बंदरावर ज्या बादशहाचे स्वागत झाले आणि ज्याच्या आगमनाची आठवण म्हणून गेट वे ऑफ इंडिया उभे आहे, त्याच्या बाहीखाली तो ड्रॅगन होता. राजपुत्राने जे केले ते लंडनच्या बड्या लोकांना हवेसे झाले, आणि जर्मिन स्ट्रीटवरील तुर्की हमामात सदरलंड मॅक्डोनल्ड नावाचा माजी सैनिक उमरावांची अंगे गोंदू लागला. दरात नाव आणि पत्ता यांची भर पडली ती येथे.

यानंतर यंत्र आले. एडिसनने १८७६ मध्ये एका विद्युत् लेखणीचे पेटंट घेतले होते. तिच्या टोकाची सुई कागदाला भराभर भोके पाडी, आणि त्या कागदावरून शाईने नकला काढीत. कचेरीतल्या नकलांसाठी जन्मलेले हे उपकरण! न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली याने त्याच तत्त्वावर गोंदण्याचे यंत्र बनविले आणि ८ डिसेंबर १८९१ रोजी त्याचे पेटंट मिळविले. तासांचे काम मिनिटांवर आले. दुकानांच्या भिंतींवर नांगर, हृदय, गरुड अशी तयार चित्रे लागली. खलाशाने बोट दाखवावयाचे आणि पैसे मोजावयाचे. तेव्हापासून या धंद्यात दोन बाजारभाव झाले. भिंतीवरचे चित्र स्वस्त, आणि केवळ तुमच्यासाठी काढलेले महाग.

स्वस्ताईची दुसरी बाजू पुढे दिसली. एकच सुई अनेकांच्या अंगात फिरली म्हणजे काविळीसारखा रोगही फिरतो. १९६१ साली न्यूयॉर्क शहराने याच कारणास्तव गोंदण्यास मनाई केली आणि ती १९९७ मध्ये उठविली. आज चांगल्या दुकानात जे पैसे पडतात त्यांतला एक वाटा नव्या सुईचा, हातमोज्यांचा आणि वाफेवर निर्जंतुक केलेल्या हत्यारांचा असतो. गिऱ्हाईक सर्वांत अधिक घासाघीस नेमकी याच वाट्यावर करते, हे मला तरी समजत नाही.

येथवर मोल देणारा आणि गोंदवून घेणारा एकच, किंवा निदान एका घरचा होता. पण इतिहासात असेही गोंदण आहे, की ज्याचा खर्च सरकारने केला आणि किंमत दुसऱ्याने मोजली. कंपनी सरकारच्या बंगाल इलाख्यात जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदीत. नियमांतसुद्धा शब्द होता 'गोदना'. आमच्या आयाबहिणी ज्याला सौभाग्याचे लेणे मानीत, मेल्यावर बरोबर येणारा एवढाच काय तो दागिना म्हणत, तोच शब्द! समुद्रापार पाठविलेले हे कैदी कपाळ झाकण्यासाठी पागोटे भुवयांपर्यंत ओढीत. १८४९ साली ही शिक्षा रद्द झाली.

कायद्यातून ती गेली, एवढेच म्हणता येईल. डिसेंबर १९९३ मध्ये अमृतसर येथे चार स्त्रियांच्या कपाळांवर पोलिसांनी 'जेबकतरी' असे शब्द गोंदविले. न्यायालयात आणताना ती कपाळे झाकलेली होती. पुढे त्यांना भरपाई मिळाली आणि सरकारी खर्चाने शस्त्रक्रिया झाली. संबंधित पोलिसांना पतियाळाच्या न्यायालयाने दोषी ठरविले ते २०१६ साली, म्हणजे तेवीस वर्षांनी. एका सुईचे आणि थोड्या शाईचे काम. मी शासनाचा नोकर आहे, आणि या प्रकरणातला खर्च कोणत्या सदरात मांडावा, हे मला आजवर सुचलेले नाही.

पुसण्याचा भाव हा तर स्वतंत्रच विषय आहे. अत्यल्प काळ चमकणाऱ्या लेसर किरणाने आसपासची कातडी न जाळता नेमका रंग फोडता येतो, हे तत्त्व १९८३ मध्ये अँडरसन आणि पॅरिश या दोन संशोधकांनी मांडले. त्यावर आजचे उपचार उभे आहेत. बैठका अनेक लागतात, आणि काढण्याचा खर्च काढून घेण्याच्या खर्चाहून बहुधा कितीतरी जास्त होतो. त्यातही विपरीत असे, की निव्वळ काजळीचे साधे गोंदण त्या मानाने लवकर विरते आणि निष्णात हाताने खोलवर भरलेले रंगीबेरंगी चित्र चिवटपणे टिकून राहते. सैन्यभरतीत गोंदणावर निर्बंध असल्यामुळे यात्रेत हौसेने काढलेले नाव पुसण्यासाठी कर्ज काढणारी मुले मी पाहिली आहेत. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे सवलत आहे, ती योग्यच आहे.

गेल्या माघात एका यात्रेत गोंदणाऱ्याच्या पालापुढे मी थोडा वेळ उभा राहिलो. पुठ्ठ्यावर ओम्, बदाम, विंचू, महादेवाची पिंड अशी चित्रे चिकटविली होती; मोटारीच्या बॅटरीवर यंत्र घरघरत होते. नावाचा दर अक्षरामागे होता. एका म्हाताऱ्या बाईने चौकशी केली, "काना-मात्रेचे वेगळे घेता का?" तो म्हणाला, "नाही आजी, काना-मात्रा फुकट." तिने मुठीतल्या नोटा एकदा मोजल्या, बोटांवर अक्षरे मोजली आणि हात पुढे केला.