मालकाची श्रद्धा आणि कामगाराचा पाळणा

१९२५ साली मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवणाऱ्या रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यापुढे एक पेच उभा राहिला. संततिनियमनाचा प्रचार थांबवायचा, नाहीतर नोकरी सोडायची. कॉलेज स्कॉटिश मिशनचे, १८३२ साली जॉन विल्सन यांनी सुरू केलेल्या शिक्षणकार्यातून वाढलेले. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र उघडले होते. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्रही त्याच वर्षी निघाले. १९२३ साली कर्व्यांचे या विषयावरचे पुस्तक आले. कॉलेजच्या ख्रिस्ती चालकांना हे खपले नाही. कर्व्यांनी राजीनामा दिला आणि १९२७ च्या जुलैपासून पुढची सव्वीस वर्षे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक खटले आणि दंड सोसत, पदरमोड करून चालवले. नोकरी देणाऱ्याची धर्मश्रद्धा आणि नोकराचा गर्भनिरोधाचा प्रश्न यांची महाराष्ट्रात एवढी उघड टक्कर झाल्याचे हे ठळक उदाहरण आहे. माझे म्हणणे असे, की मालकाच्या श्रद्धेला कामगाराच्या घरात हात घालता येतो तो ती श्रद्धा खरी की खोटी यामुळे नव्हे. औषध, रजा किंवा पगार त्याच्या हातून कामगारापर्यंत पोचतो, म्हणून. तो हात मधून काढला, की मालकाने काय मानावे हा त्याचा स्वतःचा प्रश्न उरतो. वऱ्हाडाचा इतिहास पाहिला तर ही गोष्ट मुंबईपेक्षाही नीट कळते.

कर्व्यांचे प्रकरण आणि मालकाने दिलेल्या विम्यात गर्भनिरोध धरावा की नाही हा अमेरिकेत गाजलेला वाद यांत फरक आहे, तो आधी मान्य केला पाहिजे. कर्व्यांना कोणी औषध नाकारले नव्हते. त्यांच्या सार्वजनिक प्रचारावर आक्षेप होता. आपल्या नावावर शिकवणाऱ्या प्राध्यापकाने काय बोलावे याचा विचार शिक्षणसंस्था करणारच, असेही कोणी म्हणेल. पण वर्गात कर्वे गणित शिकवत होते, केंद्र बाहेर आणि स्वखर्चाने चालत होते. म्हणजे पगाराच्या बळावर मालक कामाच्या वेळेबाहेरच्या आयुष्यापर्यंत पोचला. आणि ज्या श्रद्धेपायी हे झाले ती तरी कुठे अढळ होती? १९३० च्या ऑगस्टमध्ये लॅम्बेथ परिषदेत अँग्लिकन बिशपांनी काही अटींवर गर्भनिरोधाला वाट मोकळी केली. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला पोपने त्याला ठाम विरोध करणारे पत्रक काढले. विल्सन कॉलेजचा पंथ या दोहोंहून वेगळा, म्हणून त्या ठरावांचा थेट संबंध जोडता येणार नाही. तरी ख्रिस्ती धर्माचा निर्णय म्हणून जे पाच वर्षांपूर्वी मांडले जात होते, त्यावर धर्मपंथांतच एकमत नव्हते हे उघड झाले. धर्ममत बदलायला पाच वर्षे पुरली. गेलेली प्राध्यापकी मात्र परत आली नाही.

अमेरिकेत हा हात इतका लांब का झाला, याचे कारण धर्मात सापडत नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ नंतर, सरकारने पगारवाढीवर बंधने घातली. माणसे टिकवायची म्हणून कंपन्यांनी पगाराऐवजी आरोग्यविमा देऊ केला आणि पुढे कामगाराचा दवाखाना मालकाच्या दारातून जाऊ लागला. २०१० च्या आरोग्य कायद्याखाली गर्भनिरोध साधनांचा खर्च या विम्यात धरला गेला, तेव्हा हस्तकलेच्या सामानाची दुकाने चालवणाऱ्या ‘हॉबी लॉबी’ या कंपनीच्या मालक कुटुंबाने आपल्या ख्रिस्ती श्रद्धेचे कारण देऊन काही साधनांना हरकत घेतली. ३० जून २०१४ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला. विरोधी मत देताना न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी दाखवून दिले, की किमान वेतनावर राबणाऱ्या बाईला तांबी बसवायला जवळपास महिन्याभराची कमाई लागते. विमा ही पगाराचीच एक बाजू आहे, हे या हिशोबातून स्पष्ट दिसते. पगारातून कोणते पुस्तक विकत घ्यावे हे मालक सांगत नाही. मग पगाराच्या बदली दिलेल्या विम्यातून कोणते औषध घ्यावे हे तरी त्याने का सांगावे?

आता वऱ्हाडात येऊ. अकोला, अमरावती, बडनेरा, मूर्तिजापूर, कारंजा, धामणगाव या गावांची वाढ कापसाच्या जिनांनी आणि प्रेसांनी झाली. दसरा-दिवाळीला कापूस बाजारात येऊ लागला की जिनात कामाला सुरुवात. सरकी वेगळी करणे, रुई निवडणे, भरणे या कामांवर बायका मोठ्या संख्येने असत. हंगाम संपला की पावसाळ्यात त्याच बाया निंदणी-खुरपणीला शेतावर. पोटात मूल आणि रुईच्या धुळीत उभे राहून केलेले काम ही त्यांच्यासाठी नवलाची गोष्ट नव्हती. या बायकांना स्वतंत्र भारताने काय दिले ते १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यात पाहावे. कामगार आणि मालक दोघांच्या वर्गणीतून उपचार, आजारपणाचा भत्ता, बाळंतपणाचा भत्ता देणारा हा कायदा आपल्या देशात कामगाराच्या आरोग्यविम्याचा पाया. पण तो हंगामी कारखान्यांना लागू नव्हता. हंगामी कारखाना म्हणजे काय याची यादी कायद्यातच दिली होती आणि तिची सुरुवात कापसाच्या जिनिंगने, त्यापाठोपाठ कापूस किंवा तागाच्या प्रेसिंगने होई. पुढे शेंगा फोडणे, कॉफी, नीळ, लाख, रबर, साखर आणि चहा. म्हणजे वऱ्हाडातल्या बायकांच्या मुख्य धंद्याचे नाव घेऊनच त्याला विम्याबाहेर ठेवले गेले. (साखर याच यादीत आहे, आणि ऊसतोडीच्या मराठवाडी बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर २०१९ साली चौकशी बसवावी लागली, या दोन गोष्टी मला वेगळ्या वाटत नाहीत. हंगामावर जगणाऱ्या बाईचे शरीरही हंगामाच्या सोयीने धरले जाते.) या राज्य विम्यात नसबंदीच्या काळासाठी पूर्ण पगाराचा भत्ता आहे: पुरुषाला सात दिवस, बाईला चौदा. जिनातल्या बाईला तो नाही. हंगाम कमी दिवसांचा, कामगार सतत बदलते, वर्गणी वसूल कशी करायची, हे कारण दिले जाते. अडचण खरी आहे. पण १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने याच जातीच्या अडचणीवर वाट काढलीच: मागच्या बारा महिन्यांत ठरावीक दिवस (पुढच्या दुरुस्तीनंतर ऐंशी) काम केले की हक्क मिळे, आणि १९९५ च्या दुरुस्तीने बाईच्या नसबंदीसाठी दोन आठवड्यांची पगारी रजाही त्यात आली. दिवस मोजता येतात, तर वर्गणीही मोजता आली असती.

मग वऱ्हाडातल्या बाईने पाळणा लांबवायचा ठरवला तर ती कुठे गेली? सरकारी दवाखान्यात. अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयाला लोक आजही डफरीन म्हणतात, अकोल्याच्या रुग्णालयाला लेडी हार्डिंग. डफरीन हे नाव १८८५ च्या ज्या निधीतून आले, त्या निधीने स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीचे काम धर्मप्रचारापासून अलग ठेवायचे ठरवले होते. वऱ्हाडात तेव्हा मिशनही काम करत होते. अकोल्यात अमेरिकन मिशनऱ्यांनी दुष्काळातल्या पोरक्या मुलांना आसरा दिला, ही सेवा नाकारण्यासारखी नाही. तरी बाईचे बाळंतपण आणि धर्ममत ही दोन कामे दोन दारांतून व्हावीत, हा विचार या प्रांतात मुंबईच्या राजीनाम्याआधी चाळीस वर्षे रुजू लागला होता. कायद्याच्या बाजूनेही तेच. अमरावतीचे वकील सर मोरोपंत जोशी १९२८-२९ मध्ये संमतिवय समितीचे अध्यक्ष होते. लवकर लग्न हा शास्त्राचा आदेश आहे, असे सांगणारे साक्षीदार त्यांच्यापुढे आले. दुसऱ्या बाजूला कोवळ्या वयातल्या बाळंतपणांचे वैद्यकीय पुरावे आले. समितीने दुसरी बाजू उचलून मुलीच्या लग्नाचे वय किमान चौदा असावे अशी शिफारस केली, आणि १९२९ च्या शारदा कायद्यात तेच वय आले. शास्त्र मानणाऱ्याची श्रद्धा कोणी काढून घेतली नाही, पण मुलीच्या देहाची किंमत देऊन ती पाळण्याची मुभा मर्यादित झाली.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप येतो. श्रद्धावान मालकाला जे पाप वाटते, त्यासाठी त्याने पैसे मोजावेत ही सक्ती नव्हे का? सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य आपल्या संविधानातही आहे. आहे, आणि त्याच पंचविसाव्या कलमात ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन ठेवले आहे. पण मला कलमापेक्षा एक जुना प्रसंग जास्त बोलका वाटतो. १९३५ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या संततिनियमन चळवळीच्या पुढारी मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटल्या. कृत्रिम साधनांना गांधीजींचा विरोध होता आणि तो मुख्यतः नैतिक आणि धार्मिक होता. त्यांचा भर संयमावर होता. त्या भेटीतही त्यांचे मत बदलले नाही. पण हा विरोध त्यांनी बोलून, लिहून, समजावून केला. सँगर आपले म्हणणे घेऊन देशभर फिरल्या आणि त्याच दौऱ्यात त्रिवेंद्रमच्या अखिल भारतीय महिला परिषदेतही बोलल्या. धर्माची हरकत तर्काने मांडली, की समोरच्याला उत्तर देता येते. ती पगारपत्रकातून किंवा विम्याच्या अटीतून आली, की उत्तर द्यायची जागाच राहत नाही. डॉ. आंबेडकरांनी हा फरक ओळखला होता. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात मातृत्व लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना, बायकांच्या श्रमातून फायदा घेणारा मालक या खर्चातून पूर्ण मोकळा होऊ शकत नाही, आणि सरकारनेही भार उचलावा, असे त्यांनी मांडले. १९३४ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’वरच्या खटल्यात ते कर्व्यांचे वकील होते. १० नोव्हेंबर १९३८ रोजी संततिनियमनाच्या सोयी सरकारने पुरवाव्यात हा ठराव त्यांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत मांडला. तो फेटाळला गेला. पण ती मागणी मालकाकडे नव्हती, सरकारकडे होती, हे महत्त्वाचे.

सरकारकडे सगळे सोपवले तर तोच नवा मालक होतो, हा दुसरा आक्षेप, आणि तो निव्वळ कल्पनेतला नाही. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. नोकरी, बढती, सवलती यांना शस्त्रक्रियेच्या दाखल्याशी बांधले गेले तेव्हा सरकारही तेच करत होते जे विल्सन कॉलेजने केले, फक्त उलट दिशेने. एकाने साधनांचा प्रचार थांबवायला नोकरी वापरली, दुसऱ्याने साधन लादायला. म्हणून मालकाच्या जागी सरकार बसवावे, असे मी म्हणत नाही. पैसा वर्गणीतून यावा, सेवा दवाखान्यातून मिळावी, आणि निर्णय बाईचा असावा. यांतले कुठलेही दोन अधिकार एका हाती आले की दबाव सुरू होतो.

आज वऱ्हाडात हा प्रश्न नव्या रूपात येणार आहे. अमरावतीजवळच्या वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी झाली. नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत कापडाचे कारखाने आधीच आहेत. इथल्या नोकऱ्या बारमाही असतील, म्हणजे महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना राज्य विमा मिळेल आणि त्यावरच्यांना बहुधा कंपनीने काढलेला गट-विमा. या खासगी विम्यासाठी विमा नियामकाने २०१९ साली ठरवून दिलेल्या प्रमाणित वगळणुकींत ‘कोणत्याही प्रकारचा गर्भनिरोध’ आणि नसबंदी ही नावे आहेत. धर्माचा उल्लेखही न करता भारतीय पॉलिसीने तेच काढून टाकले, ज्यासाठी अमेरिकन मालकाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. सरकारी केंद्रात तांबी फुकट मिळते, मग विम्यात कशाला, असे कोणी विचारेल. फुकट मिळते हे खरे, पण पाळीवर काम करणाऱ्या बाईला त्यासाठी दिवस बुडवावा लागतो, आणि काही बिघडले तर पुढच्या उपचाराचा खर्च कोण देणार हा प्रश्न उरतोच. दोन दुरुस्त्या लागतील. गट-विम्यातून हे वगळण्याचे कलम काढून दाव्याचा व्यवहार थेट विमा कंपनी आणि कामगार यांच्यात ठेवणे, मालकाला तपशील न कळता. आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीतही राज्य विम्यापासून हंगामी कारखान्याला दिलेली सूट तशीच पुढे चालवली आहे, ती काढून जिनांना विम्याखाली आणणे.