पडदा, सेट आणि लेयर

त्रिमितीय दृश्यात दिवे लावायची विद्या आपल्याकडे कॉम्प्युटरसोबत आली, असं समजणारे बरेच भेटतात. मला विचाराल तर ही गोष्ट कोल्हापुरात सुरू होते.

फाळक्यांनी १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' सूर्यप्रकाशाच्या भरवशावर केला. नाटकाच्या रंगवलेल्या पडद्यांची सवय तेव्हा सगळ्यांनाच होती. पडद्यावरच्या महालाची सावली रंगाऱ्याने एकदा काढली की काढली. उजेड कुठूनही येवो, ती हलायची नाही. बाबूराव पेंटर स्वतः असे पडदे रंगवणारे. पण 'महाराष्ट्र फिल्म कंपनी'त त्यांनी पडदे बाजूला सारून भरीव सेट उभे केले. आता भरीव खांबाची सावली रंगवून कशी चालेल? ती पाडावी लागते. १९२३ च्या 'सिंहगड'साठी त्यांनी कृत्रिम दिवे वापरले. तानाजीची चढाई रात्रीची. गंमत बघा, उजेड आणला तो रात्र दिसावी म्हणून!

यापुढचा भाग माझ्या पोटापाण्याचा. मी पारशिवनीत लग्नाच्या व्हिडिओंची टायटलं करतो. आफ्टर इफेक्ट्स हे सॉफ्टवेअर १९९३ साली आलं. थ्रीडी लेयर, कॅमेरा आणि दिवे त्यात २००१ च्या पाचव्या आवृत्तीपासून मिळाले. पण लेयर थ्रीडी केला तरी त्याला जाडी येत नाही. तो हवेत उभा केलेला पडदाच. अक्षरांना खरी जाडी २०१२ च्या सीएस ६ मध्ये आली. अंतराप्रमाणे उजेड मंदावण्याची सोयही त्याच्या जेमतेम वर्षभर आधीची, २०११ ची. तोवर दिवा कितीही लांब न्या, झोत तेवढाच! आणि लेयरची सावली पाडायची सोय मुळात बंदच असते, ती आपण चालू करायची.

खरी अडचण फोटोची. लोक वारलेल्या वडिलांचा एकुलता एक जुना फोटो घेऊन येतात. सोनेरी अक्षरांमध्ये तो हवा असतो. त्या फोटोत कुठल्याशा स्टुडिओतल्या दिव्याची सावली आधीच बसलेली आहे, रंगाऱ्याने काढावी तशी. आपण भलत्या बाजूने दिवा लावला की एकाच चौकटीत दोन सूर्य उगवतात. त्यात गिऱ्हाईक म्हणतं, "अजून लाइट मारा ना भाऊ!" मारला, तर अक्षरं चकाकतात आणि चेहरा पांढरा पडून जातो. घरच्यांना तर तोच बघायचा असतो.

म्हणून मी आधी नाकाची सावली बघतो. ती उजवीकडे पडली असेल तर माझा मुख्य दिवा डावीकडे, आणि फोटोच्या लेयरने दिव्यांचा उजेड घेऊ नये अशी सेटिंग. मग अक्षरं त्या जुन्या स्टुडिओच्या उजेडात उभी राहतात. वेळ लागतो, पैसे तेवढेच मिळतात. तयार टेम्प्लेटमध्ये हे होत नाही. तिथला दिवा फोटो बघून लावलेला नसतो. असो. पेंटरांना तर एकेक दिवा खरोखरच उचलून ठेवावा लागला असेल.