गुरुजींचा ग्रुप

मराठी शिक्षकांना आपल्या धंद्यातलं ज्ञान वाटून घेण्याचं पहिलं साधन मिळालं ते छापखान्यातून. 1861 मध्ये ‘मराठी शालापत्रक’ निघालं. कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि पुढे विष्णुशास्त्री यांनी ते चालवलं. मासिक सरकारी, त्यामुळे लिहिणारे मोजके आणि वाचणारे गावोगावचे पंतोजी. आजचं ‘जीवन शिक्षण’ मासिक आपली वंशावळ तिथवर नेतं.

खानदेशातली परंपरा मात्र छापील नाही, हाताने लिहिलेली आहे. साने गुरुजी 1924 मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ दैनिक स्वतः लिहून काढत. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलले. ती प्रवचनं आज आपल्या हातात आहेत, कारण तिथेही लिहून घ्यायला साने गुरुजीच होते. बोलणाऱ्याचं नाव होतं, पण ज्ञान पुढे जातं ते टिपून घेणाऱ्यामुळे. पुढच्या सगळ्या साधनांना मी हाच निकष लावतो.

1994 मध्ये केंद्रप्रमुख हे पद आलं. साधारण दहाएक शाळांचं एक केंद्र. महिन्याकाठी शिक्षक एकत्र बसायचे, कुणी आदर्श पाठ घ्यायचं, बाकीचे चहाबरोबर त्याची चिरफाड करायचे. हातच्याची वजाबाकी कशी शिकवावी, घरी अहिराणी किंवा पावरी बोलणाऱ्या पहिलीच्या पोराला पुस्तकातली मराठी कशी जवळची करावी, याचं खरं शिक्षण इथे होई. इतिवृत्तात मात्र ‘विविध विषयांवर चर्चा झाली’ एवढीच ओळ उरायची. पावरी मुलांसाठी एखाद्या मॅडमने केलेली शब्दांची यादी त्यांच्याच टाचणवहीत राहायची आणि बदली झाली की वहीही त्यांच्याबरोबर जायची.

ज्या अमळनेरात 1945 मध्ये वनस्पती तुपाची कंपनी निघाली आणि पुढे तिची विप्रो झाली, तिथल्याही शिक्षकाकडे संगणक आला तो सक्तीने. एमएस-सीआयटी पास व्हा, नाहीतर वेतनवाढ विसरा! पन्नाशीतले गुरुजी आपल्याच माजी विद्यार्थ्याच्या क्लासमध्ये माऊस धरायला शिकले. प्रमाणपत्र फाइलला लागलं आणि बहुतेकांचा संगणक तिथेच थांबला.

हे कौशल्य कामी आलं 2015 मध्ये. त्या वर्षी 22 जूनला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला आणि त्याच सुमारास ‘सरल’ प्रणालीत प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती भरायचं काम मागे लागलं. दिवसा साइट उघडायची नाही, म्हणून शिक्षक रात्री जागायचे. ‘आता चालू आहे, भरून घ्या’, ‘आधी हे बटण दाबा, मग ते’ असे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागले. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप शिक्षकांच्या अंगवळणी पडला तो अध्यापनाच्या प्रेमापोटी नव्हे, फॉर्म भरण्याच्या वैतागातून. पण सवय लागली. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या ज्ञानरचनावादी वर्गांचे फोटो त्याच वाटेने इकडे आले. फळ्याऐवजी फरशीवर आखलेली अंकांची चित्रं पाहून शिरपूरकडच्या शिक्षकांनीही आपल्या वर्गाच्या फरशा रंगवल्या.

धुळे जिल्ह्यात याला आणखी जोर मिळाला. मूळचे धुळ्याचे आणि न्यूयॉर्कमध्ये वित्तक्षेत्रात काम करणारे हर्षल विभांडिक शाळा डिजिटल करण्यासाठी गावोगाव सभा घेऊ लागले. खर्चाचा काही वाटा ते उचलत, उरलेला गावाने जमवायचा. जिल्हा परिषदेच्या अकराशेच्या आसपास शाळा अशा डिजिटल झाल्या. प्रोजेक्टरचं कौतुक खूप झालं. माझ्या लेखी मोठी गोष्ट निराळीच होती. यंत्र अडलं की ज्याला जमतं त्याला विचारावं लागे आणि बहुतेकदा तो ‘तंत्रस्नेही’ शिक्षक सेवेत कनिष्ठ असे. सेवाज्येष्ठतेची उतरंड या एका बाबतीत तरी उलटी झाली.

2017 च्या शिक्षकदिनी ‘दीक्षा’ हे डिजिटल शिक्षणसाहित्याचं व्यासपीठ सुरू झालं. 2020 मध्ये शाळा बंद झाल्यावर ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला रोज मोबाइलवर येऊ लागली. साहित्याचा पूर आला, पण त्यातलं बरंचसं वरून खाली वाहणारं होतं.

त्याआधीच, 2018 मध्ये, व्हॉट्सअ‍ॅपने फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल अशी सोय आणली होती. कार्यालयांना ती भलतीच आवडली. ‘आजच माहिती सादर करावी’, ‘अत्यंत तातडीचे’, सोबत परिपत्रकाची पीडीएफ. ज्या ग्रुपवर वजाबाकीची चर्चा व्हायची तो टपालपेटी झाला. म्हणजे दीडशे वर्षांचा फेरा मारून आपण शालापत्रकापाशीच आलो. फरक इतकाच की शालापत्रकात निदान चिपळूणकर लिहीत होते. जे ग्रुप खुले राहिले, तिथली चांगली युक्ती शुभ सकाळच्या फुलांखाली चार दिवसांत गाडली जाते. बोलायला सगळे मोकळे, टिपून घ्यायला कुणी नाही.

खानदेशातल्या केंद्रप्रमुखांना म्हणूनच दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. आदेशांचा ग्रुप वेगळा करा आणि अध्यापनाच्या ग्रुपचं कुलूप काढा. आणि महिन्याला एका शिक्षकाकडे त्या ग्रुपवर आलेलं कामाचं तेवढं उतरवून, शिक्षकाच्या आणि शाळेच्या नावासकट केंद्रशाळेत जपून ठेवायचं काम द्या. त्यासाठी नवं अ‍ॅप लागत नाही आणि शासन निर्णयाची वाट पाहायचीही गरज नाही.