प्लेगांतील उतारू

इ. स. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत प्लेग उघड झाला आणि भयभीत लोक शहर सोडूं लागले. १८९७ च्या फेब्रुवारींतील कायद्यानें आगगाडीचे उतारू तपासण्याचा अधिकार सरकारास मिळाला. स्थानकांवर गांठींसाठीं काखा व जांघा चाचपल्या जात. स्त्रियांस हा प्रकार अत्यंत दुःसह वाटे, आणि तें आम्हांस स्वाभाविकच दिसतें. रोगी शोधूं नये असें कोण म्हणेल? पण देहाचा शोध चालला असतां, उंदीर आणि त्यांच्या अंगावरील पिसवा मालाबरोबर बिनबोभाट प्रवास करूं शकत. पिसवांचें हें कर्म फ्रेंच वैद्य पॉल लुई सिमों यांनीं १८९८ त कराचीस दाखविलें. विद्वानांस तें पटण्यास मात्र आणखी कित्येक वर्षें लागलीं. तोंवर संशयित उतारूची रवानगी छावणींत होत राहिली.