सात पायऱ्या आणि हरवलेलं शून्य

गणिताशी माझं कधी जमलं नाही. मराठी घेऊन बी.ए. झालो आणि कवितेच्या नादी लागलो. पण माझे एक जुने मित्र आमच्या माण तालुक्यातल्या एका शाळेत गणित शिकवतात. गणिताच्या तासाला प्रोग्रामिंग आणायची चर्चा निघाली, तेव्हा पहिला विरोध त्यांनीच केला. म्हणाले, "उत्तर यंत्र काढणार, मग पोरगं काय शिकणार? आधीच कॅल्क्युलेटरनं पाढे खाल्ले." शिवाय दहावीच्या पेपरात याला मार्क किती, हाही प्रश्न होताच.

ही शंका अडाणीपणाची नव्हती. गंमत अशी, की प्रोग्रामिंग वर्गात आणणारी माणसंही मुळात गणितातलीच. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ या गणिताच्या प्राध्यापकांनी 'बेसिक' ही सोपी संगणकभाषा सुरू केली. १९६७ मध्ये सेमूर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी 'लोगो' तयार केली. तिच्यात पुढे एक कासव आलं. ते मुलाच्या हुकमानं चालतं आणि रेघ ओढतं. समभुज त्रिकोण काढायचा म्हटलं, की मूल त्याला ६० अंशांत वळवतं आणि त्रिकोण काही मिटत नाही. वळायचं असतं बाहेरच्या कोनातून, १२० अंशांत. म्हणजे यंत्र इथं उत्तर देत नाही, चूक दाखवतं.

आपल्याकडे १९८४ मध्ये केंद्र सरकारच्या 'क्लास' योजनेतून शाळांमध्ये बीबीसी मायक्रो संगणक आले. पण पुढं अनेक शाळांत संगणक म्हणजे वेगळी खोली आणि वेगळा तास, असंच झालं. गणिताच्या फळ्यापर्यंत तो पोचलाच नाही.

माझ्या मित्राचं मन वळवलं ते मात्र आपल्याच एका शाळामास्तरांनी. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ मध्ये डहाणूला झाला. १९३० ते १९६२ ते देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. १९४९ मध्ये त्यांनी एक रीत मांडली. चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, मग चढत्या क्रमानं, आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तसंच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येणारच.

एका मुलीनं फळ्यावर १९७२ लिहिलं. माणदेशात हा आकडा समजावून सांगावा लागत नाही. त्या दुष्काळावरून घराघरांत अजून वयं मोजतात. ९७२१ वजा १२७९, झाले ८४४२. मग ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि बरोबर सातव्या पायरीला ६१७४!

आता सगळ्याच संख्या तपासायच्या. १००० ते ९९९९ मधल्या सारख्या अंकांच्या नऊ वगळल्या, तरी उरतात ८९९१. हातानं करायचं तर वर्ष सरेल. मुलांनी प्रोग्राम लिहिला. बहुतेक संख्या ६१७४ वर पोचल्या, पण काही शून्यावर जाऊन बसल्या. मग कापरेकर चुकले की काय?

सर उठले. खडू घेऊन त्यांनी अडलेली एक संख्या हातानं सोडवली. २१११ वजा १११२, उत्तर ९९९. प्रोग्राममध्ये ती तीनच अंकांची धरली होती. ९९९ मधून ९९९ गेले, शून्य उरलं. सरांनी विचारलं, "पुढचं शून्य कुठं गेलं?" ०९९९ लिहिलं, की ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, आणि तिथून गाडी पुन्हा रुळावर. स्थानिक किंमत पाचवीपासून शिकवली होती. ती पोरांना त्या दिवशी कळली.

नवव्या शतकात बगदादच्या अल-ख्वारिझ्मी यांनी भारतीय अंकांनी हिशोब करण्याची रीत पुस्तकात मांडली. त्यांच्याच नावावरून 'अल्गोरिदम' हा शब्द आला. त्या हिशोबाचा सगळा डोलारा या शून्यावरच तर उभा आहे.

सरांची एक शंका मात्र उरलीच. "सगळ्या संख्या तपासल्या, मान्य. पण असं का होतं, हे यंत्र कुठं सांगतंय?" १९७६ मध्ये अपेल आणि हाकेन यांनी नकाशाला चार रंग पुरतात हे संगणकाच्या मदतीनं सिद्ध केलं, तेव्हा गणितज्ञांनाही हाच प्रश्न पडला होता.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं सहावी ते आठवीच्या वर्गांत कोडिंगची शिफारस केली आहे. ते गणितापर्यंत पोचायचं असेल, तर असे शंकेखोर शिक्षक बाजूला सारून चालणार नाही. चूक नेमकी कुठं झाली, हे ओळखायला तेच लागतात. माझे मित्र आता प्रोग्राम आधी वहीत लिहून घेतात, मग संगणकापाशी जाऊ देतात. तासाच्या सुरुवातीला पाढे मात्र अजूनही म्हणून घेतात.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)