फिरंग रोग : एका नावाचा इतिहास

रोगाला परक्याचे नाव देऊन आपण निर्दोष ठरावे, ही मनुष्यस्वभावाची जुनी खोड आहे. १४९५ साली फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स याच्या सैन्याने नेपल्स घेतले आणि त्याच सुमारास त्या सैन्यात भयंकर व्रणांचा एक रोग पसरला. इटलीच्या लोकांनी त्यास 'फ्रेंच रोग' म्हटले, फ्रेंचांनी 'नेपल्सचा रोग' म्हटले, रशियनांनी दोष पोलंडवर ठेवला. १५३० साली व्हेरोनाचा वैद्यकवी फ्राकास्तोरो याने आपल्या काव्यातील सिफिलस नावाच्या मेंढपाळास हा रोग जडविला. त्यावरूनच 'सिफिलिस' हे नाव रूढ झाले.

आपल्याकडेही तेच घडले. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला आला, १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेले, आणि त्याच शतकातील भावमिश्राच्या 'भावप्रकाश' ग्रंथात 'फिरंग' नावाचा रोग अवतरला. सुश्रुताला ठाऊक असलेल्या उपदंशाहून तो निराळा मानून भावमिश्राने त्याचे स्वतंत्र वर्णन केले, हे विशेष होय. नाव त्यानेही परक्यांचेच दिले. परंतु नावापाशी तो थांबला नाही. हा रोग संसर्गाने होतो, त्याचे बाह्य, आभ्यंतर आणि उभयात्मक असे तीन प्रकार आहेत, बाह्य प्रकारात वेदना अल्प असते, आणि पुढे नासाभंग व अस्थिवक्रता उद्भवते, इतके त्याने टिपून ठेवले. औषधांत त्याने पारा आणि चोपचिनी सांगितली. तीच चोपचिनी, अर्थात चीनहून येणारी मुळी, गार्सिया द ऑर्ता याच्या १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथातही चर्चेस आली आहे.

खरे कारण सापडण्यास मात्र १९०५ साल उजाडले. बर्लिन येथे शाउडिन आणि हॉफमन यांना मळसूत्रासारखा वळणदार, अतिसूक्ष्म जंतू दिसला. त्याचे नाव ट्रेपोनेमा पॅलिडम. तो मुख्यतः शरीरसंबंधातून, त्वचेवरील अथवा श्लेष्मल आवरणावरील व्रणाच्या प्रत्यक्ष स्पर्शाने शिरतो, आणि गर्भवतीकडून गर्भास जातो. भांडी, वस्त्रे, सहभोजन किंवा देवळाच्या तळीतले स्नान यांतून तो पसरत नाही.

त्याची चाल कपटी आहे. संसर्गानंतर साधारणपणे तीन आठवड्यांनी एक कठीण, वेदनारहित व्रण उठतो आणि उपचारावाचूनही तीन ते सहा आठवड्यांत भरून येतो. रोगी निर्धास्त होतो. पुढे कित्येक आठवड्यांनी अंगावर, विशेषतः तळहातांवर व तळपायांवर, पुरळ उमटते, ताप येतो, तोंडात चट्टे पडतात. तेही आपोआप मावळतात. मग येतो मौनाचा काळ. तो वर्षानुवर्षे टिकतो, आणि कोणतेही लक्षण नसताना रक्तपरीक्षाच काय ती रोगाची साक्ष देते. उपचार न झालेल्यांपैकी काहींत दहा ते तीस वर्षांनी हृदय, महाधमनी, मेंदू व अस्थी यांचा नाश होतो. मज्जासंस्था आणि डोळे यांना मात्र कोणत्याही अवस्थेत धोका संभवतो.

वासरमनची रक्तपरीक्षा १९०६ मध्ये आली, एर्लिखचे साल्व्हर्सान १९१० मध्ये, आणि १९४३ मध्ये पेनिसिलिनने हा रोग बरा होतो असे सिद्ध झाले. आजही तेच मुख्य औषध आहे. आरंभीच्या अवस्थेत बहुधा एकच इंजेक्शन पुरते. झालेली हानी मात्र ते भरून काढू शकत नाही.

मग हा रोग अद्याप का उरला? जंतू मौनात लपतो आणि आपण लज्जेत. दोघांचे चांगले जमते. 'गरमी' हा शब्द घरात उच्चारायचा नाही, असा आपल्याकडे शिष्टाचार आहे. त्याचे मूल्य अनेकदा निरपराध पत्नी आणि तिच्या पोटातील मूल देते. गर्भपात, मृतजन्म किंवा जन्मजात व्यंग हे त्याचे परिणाम. गर्भारपणाच्या आरंभी एक रक्तपरीक्षा आणि वेळेवर औषध, एवढ्याने बहुतेक वेळा हे अनिष्ट टळते.

रोगाला जात नाही, देश नाही. भावमिश्राने चारशेहून अधिक वर्षांपूर्वी जे निःसंकोच लिहिले, ते आपण निदान वैद्यापुढे तरी निःसंकोच बोलावे.