रूम्स आर नेव्हर फिनिश्ड

काश्मिरी कवी आगा शाहिद अली (१९४९–२००१) यांचा इंग्रजी कवितासंग्रह. प्रकाशक डब्ल्यू. डब्ल्यू. नॉर्टन, न्यूयॉर्क, २००१. त्या वर्षीच्या अमेरिकेतील नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत त्याचा समावेश होता. डिसेंबरमध्ये अली यांचे मेंदूच्या कर्करोगाने निधन झाले.

संग्रहाच्या मुळाशी आईचा मृत्यू आहे. आई सुफिया यांनाही मेंदूचाच कर्करोग झाला होता. उपचारांसाठी त्या अमेरिकेत आल्या, १९९७ च्या एप्रिलमध्ये वारल्या आणि त्यांचे पार्थिव श्रीनगरला नेण्यात आले. त्या वेळी काश्मीर स्वतःच हिंसाचाराने रक्तबंबाळ होते. घरातले दुःख आणि खोऱ्यातले दुःख यांची अली वेगवेगळी वाटणी करत नाहीत, आणि संग्रहाचे खरे बळ त्यातच आहे.

‘लेनॉक्स हिल’ ही आरंभीची कविता यातली सर्वांत समर्थ म्हणावी लागेल. मॅनहॅटनच्या रुग्णालयात शस्त्रक्रियेनंतर पडलेल्या आईला पहाटे, झोपेच्या गुंगीत, रस्त्यावरच्या भोंग्यांत हत्तींचा आक्रोश ऐकू येतो. हे हत्ती ‘राजतरंगिणी’ या काश्मीरच्या जुन्या इतिहासग्रंथातले आहेत. पीर पंजाल पर्वताच्या कड्यावरून कोसळलेल्या एका हत्तीची किंकाळी हूण राजा मिहिरकुलाला इतकी आवडली, की त्याने आणखी शंभर हत्ती खाली लोटायला लावले. दीड हजार वर्षांपूर्वीचे क्रौर्य असे आजारी बाईच्या स्वप्नात शिरते. रचना ‘कान्झोने’ या अवघड इटालियन बंधाची आहे: पासष्ट ओळी, आणि ओळींच्या शेवटी आलटून पालटून पाचच शब्द. हत्ती, आई, काश्मीर, विश्व आणि मरण पुन्हा पुन्हा परततात. शोकाला सुटका नाही हे बंधच सांगतो.

‘फ्रॉम ॲमहर्स्ट टू काश्मीर’ ही बारा भागांची मालिका आईच्या त्या अंत्ययात्रेची आहे. इ. स. ६८० मधील करबलाची लढाई, इमाम हुसैन यांच्या हौतात्म्यानंतर बंदिवान होऊन दमास्कसला नेली गेलेली त्यांची बहीण जैनब, तिचा विलाप, हे सारे मोहरमच्या मजलिशीत पिढ्यान्‌पिढ्या ऐकले जाते. इथे ते आईच्या शोकात मुलाच्या तोंडी येते. त्याच मालिकेत जुन्या तबकडीवरचे एक भजनही आहे, उर्दू कवी फैज आणि गालिबही आहेत. धर्माच्या बाबतीत अलींचे मन असे ऐसपैस होते. पॅलेस्टिनी कवी महमूद दरवेश यांच्या अंदालुसियावरील दीर्घ कवितेचे रूपांतरही संग्रहात आहे. हरवलेल्या स्पेनचा तो शोक काश्मीरच्या शेजारी अगदी आपसूक बसतो.

शेवटची कविता, ‘आय ड्रीम आय ॲम ॲट द घाट ऑफ द ओन्ली वर्ल्ड’, हे एक सलग स्वप्न आहे. काश्मीरच्या पाण्यावर रात्री नाव चालते आणि गेलेली माणसे भेटतात: आई, विचारवंत इकबाल अहमद, गायिका बेगम अख्तर. कवी जेम्स मेरिल यांचा आवाज तेवढा मोठ्या रोमन अक्षरांत उमटतो, कारण मेरिल आपल्या महाकाव्यात मृतांना तशाच अक्षरांत बोलू देत. कादंबरीकार अमिताव घोष यांनी अलींवर लिहिलेल्या स्मृतिलेखाचे शीर्षक याच कवितेवरून घेतले आहे.